काटा कधी चढतो?

“झाकणाला हात लावू नको!”

चाचा ओरडतात तेव्हा ड्रायव्हर ओला फडका घेऊन रेडिएटरवर वाकलेला आहे. तो झटकन मागं सरतो. ट्रॅव्हलरचं बॉनेट उघडं आहे, आत पाणी खदखदतंय, आणि ओव्हरफ्लोच्या बारीक नळीतून निघालेली चिळकांडी खालच्या फुफाट्यात पडल्या पडल्या वाळतेय.

“मग वरून गार पाणी मारू का, चाचा?”

“लोखंड तडकल ना बेटा. काहीच करू नको. चाय पी.”

परभणीचा गंगाखेड रोड, चाचांचं गॅरेज, दुपारचे साडेबारा, मे महिन्याचा मध्य. कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रात काल ४३ अंशांच्या वर नोंद झाल्याचं सकाळच्या पेपरात आलंय. त्याच पानावर चाचांच्या भाच्यानं आता नट-बोल्ट मांडून ठेवलेत. ही नोंद सावलीतली. डांबराच्या वीतभर वर तापलेली हवा निराळी, आणि गाडीच्या जाळीला मिळते ती हीच. इंजिनातलं पाणी ९० अंशांचं धरलं, तर हिवाळ्यातल्या २० अंशांच्या हवेत दोन्हींत ७० अंशांचा फरक पडतो. आज तो जेमतेम ४५ आहे. या फरकाच्या जोरावरच पाण्यातली उष्णता बाहेर जाते. म्हणजे रेडिएटर तोच असला तरी आज त्याची एक तृतीयांशाहून जास्त ताकद नुसत्या हवेनं काढून घेतलेली आहे. डिसेंबरात झाकून राहिलेलं दुखणं मे महिन्यात बाहेर पडतं ते यामुळं.

ड्रायव्हर मानवतचा आहे, तिशीचा, गाडी स्वतःची. आरसी बुकात कंपनीचं नाव ‘बजाज टेम्पो’ असं आहे. २००५ साली त्या कंपनीची ‘फोर्स मोटर्स’ झाली, त्याच्या आधीची ही गाडी. उद्या मानवतहून वऱ्हाड घेऊन त्याला राणी सावरगावला जायचंय, गंगाखेडच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरात. आज रिकामी गाडी परभणीपर्यंत आणली तर काटा लालवर. गेल्या आठवड्यात त्यानं एका गॅरेजवाल्याला दाखवली होती. त्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, हेड गेलं, इंजिन उतरवावं लागतंय, वीस-पंचवीस हजार धरून चाल.

“लग्नसराईत गाडी उभी राहिली तर वर्षाचे हप्ते कशानं भरू?” तो मला विचारतो. माझ्याजवळ उत्तर नाही. मी बाकड्यावर सरकून त्याला जागा देतो.

चहा येतो. चाचा गाडीकडं बघतही नाहीत, ड्रायव्हरकडं बघतात. त्यांची तपासणी सुरू झालेली आहे, हे मला जरा उशिरा कळतं.

“गरम कधी होती?”

“उन्हात होती, चाचा.”

“उन्हात मीबी गरम होतो. नीट सांग. सकाळी चालू केल्या केल्या काटा चढतो? उभी असली की चढतो? का पळवल्यावर?”

ड्रायव्हर आठवायला लागतो. मानवत रोड सोडेपर्यंत काटा निम्म्यावर होता. पुढं रस्ता मोकळा मिळाला, साठ-सत्तरनं गाडी सोडली, आणि काटा चढायला लागला. परभणीत शिरल्यावर बाजारच्या गर्दीत अडकला.

“गर्दीत आणखी चढला आसंल?”

“न्हाई. गर्दीत उलट जरासा खाली आला. म्हणूनच तर इथवर आलो.”

चाचा भाच्याकडं बघून मान हलवतात. भाच्यानं इथल्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केलाय. तो मला हळू आवाजात समजावतो. गाडी उभी असताना किंवा गर्दीत रांगताना गरम होत असेल तर पंख्यावर, पट्ट्यावर संशय घ्यायचा, कारण तेव्हा जाळीतून हवा ओढणारा तो एकटाच असतो. पळताना समोरून फुकट वारा मिळतो. तरीही काटा चढला, तर हवा जाळीतून पार होत नाही किंवा पाणी पुरेसं फिरत नाही. आणि थंड इंजिन चालू करताच काही मिनिटांत तापलं, तर मात्र एअर लॉक, थर्मोस्टॅटचा अडकलेला वॉल्व किंवा गॅसकिट. हेड गेलं म्हणणाऱ्या गॅरेजवाल्यानं हा प्रश्न विचारला होता का? ड्रायव्हर म्हणतो, नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं. पाना उचलायच्या आधी अर्ध्या शक्यता एका प्रश्नानं बाजूला पडल्या, आणि त्याला दमडीचा खर्च आला नाही.

“पाणी किती दिवसाला घालतो?”

“आठवड्याला लिटर-दीड लिटर.”

“कुठलं?”

“घरच्या बोअरचं.”

“तू पितो का ते पाणी?”

“न्हाई. प्यायला जारचं आणतो. बोअरचं लई जड हाय.”

चाचा काही बोलत नाहीत. कपातला शेवटचा घोट घेतात आणि उठतात. तासभर होत आलाय. ते हाताची मागची बाजू वरच्या होस पाइपला लावून बघतात, मग झाकणावर जाड फडकं टाकून एक टप्पा फिरवतात आणि थांबतात. हलकी फुस्स होते. ती पुरती संपल्यावरच झाकण हातात येतं. चाचांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग आहे. त्याबद्दल मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत.

झाकणाच्या आतला रबर त्यांनी नखानं दाबून बघितला. दबत नाही, कडक झालाय. स्प्रिंगही सैल आहे. हे झाकण डब्याच्या झाकणासारखं नुसतं बसवायचं नसतं, त्याचं काम आत दाब धरून ठेवायचं असतं. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीला गेला की पाणी १०० अंशांऐवजी १२० च्या आसपास उकळतं. झाकणानं दाब सोडला की तेच पाणी शंभराच्या आतबाहेर उकळून नळीवाटे निघून जातं. आठवड्याला लिटर-दीड लिटर कुठं जात होतं, याचा एक धागा इथं हाती लागतो.

“मग हेडचं काय?” ड्रायव्हरचा जीव तिथंच अडकलाय.

“त्याचंच बघायलो.”

भाचा ऑइलची पट्टी काढून फडक्यावर पुसतो, पुन्हा बुडवून काढतो. ऑइल काळं आहे, जुनं आहे, पण त्यात पाणी मिसळलेलं नाही, पांढरट फेस नाही. मग चाचा पट्टा काढायला सांगतात. मला नवल वाटतं. पट्टा काढला तर पाण्याचा पंप बंद, पंखाही बंद.

“तेच तर पायजे. पंप फिरला की पाणी हलतं, मग बुडबुडा कशाचा ते कळत नाही.”

पट्टा निघतो. गेलेलं पाणी हळूहळू भरून घेतलं जातं, पार तोंडापर्यंत. पट्टा नाहीच, तर चाचा पंपाचा पंखा हातानं मागंपुढं हलवून बघतात: बेअरिंगला खेळ नाही. पंपाखालच्या बारीक भोकातून ओघळ आलेला नाही. म्हणजे पंपाचं सील शाबूत. पट्ट्याची आतली बाजू चकाकायला लागलीय, घासून गुळगुळीत झालीय. तो बदलायच्या यादीत जातो, पण मूळ दुखणं तो नाही.

“मार सेल्फ. एकच मिनिट.”

इंजिन धडधडतं. आम्ही चौघं रेडिएटरच्या उघड्या तोंडावर वाकतो. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅसकिट फाटलं असेल, तर सिलिंडरातला जळका वायू पाण्यात घुसतो आणि बुडबुड्यांची माळ वर येते, थांबत नाही. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात. ड्रायव्हर माझं मनगट घट्ट धरतो. चाचा रेस द्यायला सांगतात. पाणी थरथरतं, पण बुडबुडा नाही. पुन्हा रेस. काही नाही. चाचा पाण्यात बोट बुडवून वास घेतात. जळक्या डिझेलचा वास नाही, बोटावर तेलकट तवंग नाही.

“बंद कर. हेड चांगलं हाय.”

ड्रायव्हर खाली बसतो. खरोखरच, मातीत. ते वीस-पंचवीस हजार त्याच्या अंगावरून उतरताना मला दिसतात.

आता रेडिएटर. भाचा इंजिनाच्या बाजूनं मोबाइलचा टॉर्च धरतो आणि मी समोरून बघतो. वरच्या भागात जाळीतून उजेडाचे ठिपके येतात. खालचा भाग मिट्ट काळा. चाचा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं हळूच उकरतात. पंख, मुंग्या, वाळका चिखल आणि या सगळ्याला धरून ठेवणारे रुईचे तंतू. हिवाळाभर ही गाडी जिनिंगच्या मजुरांची ने-आण करत होती, आणि रात्री जिनिंगच्या आवारातच उभी राहायची. मानवतच्या कापसाचा तो हवेत उडणारा भुगा जाळीत बसला, त्यावर ऑइलचा ओलावा, त्यावर धूळ. वारा समोरून येतो खरा, पण या लिंपणातून तो पार कसा होणार?

पाइप लावून भाचा पाणी मारतो, इंजिनाच्या बाजूनं समोर, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर जाईल. धारेला जोर देत नाही, जोरानं पातळ पंख्या वाकतात. दहा मिनिटं करडा लगदा पडत राहतो. भाच्याचं समाधान झालंय. तो पट्टा चढवतो आणि म्हणतो, “मामा, झालं. पाणी भरून देतो.”

“पाणी भर, पण झालं म्हणू नको.”

इंजिन पुन्हा सुरू होतं. भाच्याकडं तापमान मोजायची गन आहे, लाल ठिपका पाडून आकडा दाखवणारी. आधी ती वरच्या कोपऱ्यावर, थर्मोस्टॅटच्या घरावर धरली जाते, कारण काटाच खोटं बोलत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. काटा खरं बोलतोय. मग ठिपका जाळीवरून फिरतो. वरच्या टाकीजवळ ९० च्या घरात, डावीकडं ८०, आणि उजवीकडच्या खालच्या पट्ट्यात ५०-५२. इंजिन बंद करून चाचा तिथं हाताची मागची बाजू लावतात आणि मलाही लावायला सांगतात. पट्टा जवळपास बाहेरच्या हवेइतकाच आहे. गार लागतो म्हणून चांगलं असं मला क्षणभर वाटतं. पण गार आहे म्हणजे गरम पाणी तिथं पोचतच नाही. त्या नळ्या आतून बुजलेल्या आहेत.

बाहेरून रुई आणि आतून बोअरचं पाणी.

हा आपला प्रदेश बेसॉल्टचा, काळ्या दगडाचा. त्याच्या फटींतून उतरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं, कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धरतो. घरच्या बंबात, पाणी तापवायच्या हीटरवर आपण तो रोज बघतो. इंजिनाच्या जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत तोच थर साठतो, फक्त तिथं तो दिसत नाही. एकदा भरलेलं पाणी तेच फिरत राहिलं तर त्यातला क्षार एकदाच बसून संपतो. पण दर आठवड्याला लिटर-दीड लिटर वाफ होऊन जातं, क्षार आतच राहतो, वर नवं पाणी नवा क्षार घेऊन येतं. झाकणाचा कडक झालेला रबर आणि बोअरचा हंडा मिळून ही गाडी बुजवत होते. गाडी बनवणाऱ्याचा यात काही दोष नाही.

रेडिएटर खोलून रॉडिंगला द्यायचा ठरतो. भाचा पाइप सोडवायला लागतो, तेवढ्यात चाचा त्याचा हात धरतात.

“एक गोष्ट तू बघितली का? मगाशी पाणी कोमट होतं, गाडी चालू केली. वरचा पाइप कधी गरम झाला?”

भाचा विचार करतो. “लगेच.”

“लगेच कामून?”

भाच्याचा चेहरा बदलतो. तो पाइपकडं बघत नाही, थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट खोलायला घेतो. वॉल्व जागेवर असता तर पाणी ८० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत त्यानं रेडिएटरची वाट बंद ठेवली असती, आणि वरचा पाइप तोवर तसाच राहिला असता. घर उघडतं. आत काही नाही. नुसती रिकामी खाच.

“हां, ते!” ड्रायव्हर सांगतो. “मागच्या उन्हाळ्यात एकानं काढून टाकला. म्हणला, हे थंडीच्या मुलखासाठी असतंय, आपल्याकडं ह्याची गरज न्हाई. उलटं पाणी मोकळं फिरंल.”

ही समजूत मी किती ठिकाणी ऐकलीय! जीपवाले, टेम्पोवाले, ट्रॅक्टरवाले, सगळ्यांकडून. ऐकायला ती बरोबरही वाटते. चाचा आत जाऊन एका डब्यातून नवा वॉल्व आणतात आणि ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवतात.

“हे बघ, दोन चकत्या हायेत. वरची उघडती तेव्हा रेडिएटरची वाट मोकळी होती. त्याच वेळी खालची दुसरी वाट बंद करती. ती दुसरी वाट कुठली? इंजिनातून निघून परत इंजिनातच जायाची. जवळची वाट.”

ड्रायव्हर वॉल्व उलटापालटा करून बघतो. त्याला नीट उमगलेलं नाही. चाचा त्याच्या शेताविषयी विचारतात. शेत जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे.

“वरच्या चारीचं दार उघडं राहिलं तर तुझ्या शेताला पाणी येतं का?”

“कशाचं येतंय! सगळं वरच जिरतंय.”

“मग? तो वॉल्व काढला, तवापासून वरचं दार उघडंच हाय. गरम पाणी रेडिएटरला न जाता फिरून इंजिनातच चाललंय.”

भाचा यात भर घालतो. हे इंजिन मूळचं मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाच्या घराण्यातलं. बजाज टेम्पोनं ऐंशीच्या दशकात डाइम्लर-बेंझच्या परवान्यानं ते पुण्यात बनवायला घेतलं, आणि १९८७ मध्ये आलेल्या ट्रॅव्हलरलाही तेच मिळालं. “जगात जर्मनी, भारतात परभणी,” चाचा म्हणतात, आणि ते हे थट्टेनं म्हणत नाहीत. “त्यांनी डोकं लावून एक वस्तू बसवली. आपण ती काढायची तर आधी कशाला बसवली ते समजून घ्यायचं, का नाही?”

मी भाच्याला बाजूला विचारतो, सगळ्याच गाड्यांत असं असतं का? तो म्हणतो, सगळ्यांत नाही. काही इंजिनांत जवळची वाट इतकी अरुंद असते की वॉल्व काढल्यावर गाडी उलट गरजेपेक्षा थंड चालते. ते वाईटच, डिझेल जास्त जळतं आणि इंजिन झिजतं. पण ज्या इंजिनात वॉल्वलाच ही वाट बंद करायची असते, तिथं तो काढला की जोर पडल्यावर गाडी तापते. म्हणून एका गाडीवरचा अनुभव दुसरीला लावायचा नाही.

रेडिएटर पाठीमागच्या गल्लीत जातो. तिथला कारागीर दिव्याच्या ज्योतीनं वरच्या आणि खालच्या टाकीचं झाळकाम सोडवतो, पितळी टाक्या अलग होतात आणि चपट्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. उजव्या बाजूच्या कित्येक नळ्यांत पांढरं दिसतंय. तो पातळ पट्टीची सळई एकेका नळीत घालतो, ओढतो, पुन्हा घालतो. प्रत्येक वेळी गंजानं पिवळसर झालेला पांढरा चुरा खाली कागदावर पडतो. मी एक खपली उचलतो. कडक आहे, नखानं तुटत नाही. दुपार कलते तरी त्याची सळई चालूच आहे. घाई केली तर पितळेची नळी आतून फाटते, म्हणून तो घाई करत नाही, आणि ड्रायव्हरही आता त्याला घाई करत नाही. शेवटी टाक्या पुन्हा झाळून, तोंडं बंद करून, हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला जातो. कुठूनही बुडबुडा येत नाही.

दरम्यान भाच्यानं इंजिनाच्या जॅकेटमधून पाणी सोडून धुऊन घेतलंय. गढूळ तांबडं पाणी नितळ होईपर्यंत. वॉल्व, झाकण, पट्टा नवे. होस पाइपच्या क्लिपाही. आता भरायचं काय, यावर थोडी झकाझकी होते.

“कूलंट महाग हाय, चाचा. काश्मीरला थोडीच जायचंय बर्फात!”

“बर्फाचं सोड. ह्यानं गंज धरत नाही, थर धरत नाही, अन् पाणी उशिरा उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत घालतो ते पाणी. बोअरचं एक थेंब नको.”

भरताना भाचा इंजिन चालू ठेवतो, झाकण उघडं, वरचा पाइप दाबत-सोडत, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. यावेळी वरचा पाइप बराच वेळ तसाच राहतो. मग अचानक, हाताखालीच, तो गरम होतो. वॉल्व उघडला. भाचा माझ्याकडं बघून हसतो.

संध्याकाळी साडेसहाला आम्ही गंगाखेडच्या दिशेनं निघतो. ऊन उतरलंय, रस्ता अजून निवलेला नाही. चाचा पुढच्या सीटवर, गन हातात. पोखर्णीच्या नृसिंहाला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली आम्हाला मागं टाकतात. चाचा ड्रायव्हरला मुद्दाम खालच्या गिअरमध्ये जोर देऊन चालवायला लावतात, मग सत्तरनं सोडायला सांगतात. काटा निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबतो. पोखर्णी जवळ येते. काटा तिथंच. गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून चाचा पुन्हा ठिपका फिरवतात. वर ८६, आणि खाली सगळीकडं सारखं, कुठंही गार पट्टा नाही.

“उद्या घाटात काटा निम्म्याच्या वर गेला तर काय करशील?”

“थांबतो अन् पाणी घालतो.”

“नाही. गिअर कमी कर, म्हणजे पंप-पंखा जोरात फिरतील, अन् हळू चालव. लालजवळ गेला तरच थांब. अन् थांबला तर झाकण...”

“उघडत न्हाई, चाचा. उघडत न्हाई.”

“माणसं किती बसवणार?”

ड्रायव्हर रस्त्याकडं बघतो. “वीस-बावीस तरी व्हतील. वऱ्हाड हाय.”

“पासिंग किती सीटची?”

“तेरा.”

चाचा काही बोलत नाहीत, गन डॅशबोर्डवर ठेवतात आणि हात पुढं करून मोबाइल मागतात. ड्रायव्हर तो देत नाही. स्वतःच नवरदेवाच्या मामाला फोन लावतो. स्पीकरवर पलीकडून आधी बँडचा आवाज येतो, मग मामाचा.

“मामा, गाडी दुरुस्त झाली. येतो सकाळी. पर तेराच्या वर माणसं बसणार न्हाईत.”

पलीकडं आरडाओरडा सुरू होतो.

“न्हाई, मामा. वाटंत घाट हाय. एक जीप सांगा. मी सांगू का? माझ्या ओळखीची हाय, पाथरीची. व्हय, आत्ताच लावतो त्याला.”